भांडेवालीला द्यायचा की रिसायकलला? घरातल्या बंद मोबाइलविषयी सविस्तर

औशाजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलं आहे: घरात सात-आठ जुने मोबाइल साठलेत, काही बटणांचे, काही टचचे. दोन चालू आहेत, बाकी बंद. एकाची बॅटरी फुगली आहे. दारावर भांडेवाली येते, ती दोन मोबाइलवर स्टीलचा डबा देते. मुलगी पुण्याला शिकते, ती म्हणते रिसायकललाच द्या. पण त्यात आपला फायदा काय? आणि आपल्याकडं द्यायचं तरी कुठं?

ताई, लातूरला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्त न होणारे फोन, बॅटऱ्या, चार्जर मी बऱ्याच वर्षांपासून वेगळे साठवतो आणि परवाना असलेल्या रिसायकलरला देतो. त्या अनुभवावरून सरळ सांगतो: हातात पडणाऱ्या पैशापुरतं बघितलं, तर भांडेवालीचा डबा बहुधा जास्त किमतीचा ठरेल. बंद फोनचे रिसायकलर फार देत नाही, कधी काहीच देत नाही. तरी मी तुमच्या मुलीच्याच बाजूनं आहे. फोनमध्ये खूप काही चांगलं आहे आणि थोडं जहाल वाईटही आहे. फोन कुणाच्या हातात उघडला जातो, यावर त्यातलं चांगलं कामी येणार की वाईट बाहेर सांडणार, हे ठरतं.

तुमच्याकडचा एखादा बटणांचा जुना फोन घ्या. मागचं झाकण, बॅटरी, चार-सहा बारीक स्क्रू काढले की आत हिरवा बोर्ड दिसतो. की-पॅडची रबरी चादर उचलली की प्रत्येक बटणाखाली एकेक गोल ठिपका असतो, पिवळाधमक. बऱ्याच फोनमध्ये तो सोन्याचा मुलामा असतो. सिमच्या पिनांवरही तोच. सोनं गंजत नाही, म्हणून हजारो वेळा बटण दाबलं तरी जोड तुटत नाही. बोर्डाच्या थरांमध्ये तांबं आहे. फोन थरथरतो तो एका चिमुकल्या मोटरमुळं, आणि तिच्या टोकाला टंगस्टनचं वजन असतं. स्पीकरच्या लोहचुंबकात निओडिमियम, स्क्रीनच्या काचेवर इंडियमचा पारदर्शक थर, बॅटरीत लिथियम आणि कोबाल्ट. जगातल्या कोबाल्टचा निम्म्याहून जास्त भाग काँगोच्या खाणींतून येतो, आणि तिथं लहान लेकरं हातानं खणत असल्याचं वर्षानुवर्षं समोर येतंय. आपल्या कपाटात पडून राहिलेल्या प्रत्येक बॅटरीमागं तेवढा कोबाल्ट पुन्हा खाणीतूनच काढावा लागतो. मला स्वतःला ही गोष्ट सोन्यापेक्षा जास्त अस्वस्थ करते.

सोन्याचा हिशेब मात्र लोकांना पटकन पटतो. दहा लाख जुने मोबाइल नीट रिसायकल केले तर साधारण ३४ किलो सोनं, ३५० किलो चांदी, १५ किलो पॅलेडियम (हाही एक मौल्यवान धातू) आणि जवळपास १६ टन तांबं मिळतं, असा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा अंदाज आहे. म्हणजे एका फोनमागं ०.०३४ ग्रॅम सोनं. नव्या फोनमध्ये ते आणखी कमी असतं, कारण कंपन्या सोनं कमी कमी करत आल्या आहेत. एका फोनवर कुणी श्रीमंत होत नाही. पण टनावर बघा. शंभर ग्रॅमचा एक फोन धरला तर टनभर फोनमध्ये तीनशे ग्रॅमच्या वर सोनं निघतं. आपल्या शेजारी कर्नाटकात, रायचूर जिल्ह्यात हट्टीची सोन्याची खाण आहे. अशा खाणींत टनभर दगड फोडून काही ग्रॅम सोनं हाती लागतं, तेही जमिनीखाली खोल उतरून. खाणीतल्या दगडापेक्षा आपल्या कपाटातला माल कितीतरी पटींनी कसदार आहे.

जपाननं हे करून दाखवलं. टोकियोच्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिकसाठी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत तिथल्या लोकांनी जुनी उपकरणं दिली. त्यात ६२ लाखांच्या वर मोबाइल होते. त्यातून ३२ किलो सोनं, साडेतीन हजार किलो चांदी आणि सव्वादोन टनांच्या आसपास कांस्य निघालं, आणि दोन्ही स्पर्धांतली मिळून जवळपास ५,००० पदकं सगळीच्या सगळी त्यातून घडवली. नीरज चोप्रानं भाल्यात जिंकलेलं सुवर्णपदक त्यातलंच. आपल्या बीडचा अविनाश साबळे त्याच ऑलिंपिकमध्ये धावला. शाळेत बोलायला गेलो की मी ही गोष्ट आवर्जून सांगतो. पोरं दुसऱ्या दिवशी घरातले फोन घेऊन येतात.

तांब्याचं महत्त्व तर शेतकऱ्याला सांगायलाच नको. मोटर जळाली की वाइंडिंगचं बिल तांब्याच्या भावावर ठरतं. देशात तांब्याच्या खाणी थोड्या आहेत, आणि २०१८ मध्ये तमिळनाडूतला तुतिकोरिनचा तांब्याचा मोठा कारखाना बंद पडल्यापासून आपला देश शुद्ध तांबं बाहेर विकण्यापेक्षा बाहेरून विकतच जास्त घेतो. भंगारातलं तांबं वितळवायला खनिजातून काढण्याच्या मानानं खूप कमी ऊर्जा लागते. ॲल्युमिनियममध्ये तर बचत ९५ टक्क्यांपर्यंत जाते. भंगार हा कच्चा माल आहे हे मराठवाड्याला वेगळं शिकवायला लागत नाही. जालन्याची सळई भंगाराच्याच भट्टीतून निघते. मोबाइलच्या भंगाराला तेवढी शिस्त अजून लागलेली नाही, इतकंच.

आता भांडेवालीकडं दिलेल्या फोनचं काय होतं ते बघू. त्या बाईचा यात काही दोष नाही हे आधी स्पष्ट करतो. ती उन्हातान्हात डोक्यावर भांडी घेऊन फिरते आणि मिळालेला माल मोठ्या भंगारवाल्याला विकते. तिथं चालू होण्यासारखे फोन वेगळे होतात, डिस्प्ले आणि कॅमेरे वेगळे निघतात, आणि उरलेले बोर्ड किलोवर विकले जातात. दिल्लीतलं सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद ही या मालाची जुनी ठिकाणं. तिथं बोर्ड उघड्यावर तापवून सुटे भाग पाडतात, उरलेलं जाळतात, मग ॲसिडच्या टपात बुडवून सोनं सोडवतात. या गावठी पद्धतीत बोर्डातल्या सोन्याचा साधारण चौथा हिस्साच हाती लागतो. आधुनिक भट्टीत ९५ टक्क्यांपर्यंत मिळतो. पॅलेडियम, इंडियम, टंगस्टन तर ॲसिडवाल्याच्या गणतीतही नसतं, ते राखेबरोबर जातं. एवढी नासाडी करून वर धूर.

धुराबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण लोक त्याला किरकोळ समजतात. बोर्ड पेटू नये म्हणून त्यात ब्रोमीनची संयुगं घातलेली असतात. तो उघड्यावर जाळला की त्यातून डायॉक्सिनसारखी विषं निघतात, आणि ती माती, चारा, दूध अशा मार्गानं फिरत राहतात. जुन्या फोनच्या सोल्डरमध्ये, म्हणजे सुटे भाग बोर्डाला जोडणाऱ्या डाखात, शिसं आहे. शिशाची वाफ आणि धूळ लहान मुलांच्या मेंदूवर कायमचा परिणाम करते, आणि अशा ठिकाणी काम करणाऱ्यांची लेकरं तिथंच खेळत असतात. वापरून झालेलं ॲसिड नाल्यात ओततात. हे सगळं लांब कुठंतरी चालतं असं मनाला सांगता येईल, पण वायरचं तांबं काढायला रबर जाळणारे आपल्याही गावांच्या कडेला दिसतात. रात्री वास येतो, सकाळी काळा डाग उरतो.

आणि पाण्याच्या बाबतीत आपली जागा परीक्षा बघण्यासारखी नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते अजून कुणी विसरलेलं नाही. इथली बरीच वस्ती बोअरवर जगते. खडकातल्या फटींत एकदा शिसं किंवा कॅडमियमसारखा विषारी धातू उतरला तर तो परत काढायची सोय ना ग्रामपंचायतीकडं आहे ना महापालिकेकडं. छत्रपती संभाजीनगरच्या नारेगावात शहराचा कचरा कित्येक वर्षं साठत गेला आणि शेवटी फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या गावांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या. त्या ढिगाऱ्यात मोबाइल, सेल, ट्यूबलाइट सगळंच मिसळून गेलेलं. म्हणून बंद फोन घंटागाडीतही टाकू नका. एक कारण हे, आणि दुसरं म्हणजे गाडीत कचरा दाबला जातो, बॅटरी चेपली की पेट घेते.

फुगलेल्या बॅटरीचं आधी बघा, ताई. बाकीचं सावकाश केलं तरी चालेल. आतलं रसायन बिघडून वायू तयार होतो, म्हणून ती उशीसारखी फुगते. तो फोन चार्जिंगला लावू नका, दाबून झाकण बसवू नका, सुईनं टोचून हवा काढायचा प्रयत्न तर अजिबात नको. असं करून हात भाजून घेतलेले लोक मी पाहिले आहेत. मागचं झाकण सहज निघत असेल तर बॅटरी अलगद काढा, पिनांवर चिकटपट्टी लावा. निघत नसेल तर फोन आहे तसा ठेवा. मातीच्या कुंडीत कोरडी वाळू घाला, त्यात तो ठेवा आणि कुंडी घराबाहेर सावलीत, कडब्यापासून आणि गॅसपासून लांब राहू द्या. हवाबंद डब्यात कोंडू नका. मग लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडं किंवा संकलन केंद्रावर द्या, आणि देताना फुगलेली आहे असं तोंडानं सांगा. टपालानं किंवा कुरिअरनं पाठवू नका.

परवानाधारक कारखान्यात नेमकं काय वेगळं होतं, हेही विचारतात लोक. तिथं पहिलं काम बॅटरी काढायचं. ती वेगळ्या प्रक्रियेला जाते, तिचा काळा भुगा करून त्यातून कोबाल्ट, निकेल, लिथियम सोडवतात. उरलेल्या फोनचे भाग सुटे होतात, तुकडे होतात, लोहचुंबकानं लोखंड ओढलं जातं, ॲल्युमिनियम वेगळं पडतं. बोर्ड बंदिस्त भट्टीत किंवा बंदिस्त रासायनिक टाक्यांत जातात. भट्टीत तांबं वितळताना सोनं, चांदी, पॅलेडियम त्याच्याबरोबर येतात, आणि पुढं विजेनं तांबं शुद्ध करताना तळाशी जो गाळ बसतो त्यात ते सापडतात. धूर गाळण्यांतून, सांडपाणी प्रक्रियेतून जातं. खर्चिक काम आहे. तुम्हाला फोनचे फारसे पैसे का मिळत नाहीत, त्याचं उत्तर इथं आहे: ॲसिडवाल्याला धुराचा आणि सांडपाण्याचा खर्चच नसतो, म्हणून त्याला माल महाग घेणं परवडतं.

हा खर्च कुणी उचलायचा ते आता कायद्यानं ठरवलंय. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. त्यानुसार फोन विकणाऱ्या कंपन्यांना ठरावीक प्रमाणात जुना माल रिसायकल झाल्याचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. सुरुवातीला हे प्रमाण ६० टक्के होतं, २०२७-२८ पासून ८० टक्के होईल. प्रमाणपत्रं सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम किती निघालं यावर मिळतात. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं लिथियम-कोबाल्टसारखी महत्त्वाची खनिजं कचऱ्यातून काढण्यासाठी १,५०० कोटींची योजना मंजूर केली. या सगळ्या यंत्रणेला लागणारा माल मात्र तुमच्या-माझ्या घरातूनच यायचा आहे. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नीट गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

तुमच्या चालू असलेल्या दोन फोनचं उत्तर वेगळं आहे. ते रिसायकलला देऊ नका. फोनच्या सगळ्या आयुष्यात जेवढं प्रदूषण होतं त्यातलं बहुतांश तो कारखान्यात बनतानाच झालेलं असतं, त्यामुळं चालणारा फोन आणखी दोन वर्षं वापरणं हा कुठल्याही रिसायकलिंगपेक्षा मोठा फायदा. बटणांचा असेल तर शेतातल्या आखाड्यावर राहणाऱ्या माणसाला द्या. टचचा असेल तर नवी बॅटरी टाकून कुणा नातेवाइकाच्या लेकराला अभ्यासाला होईल. फक्त फार जुन्या अँड्रॉइडवर बँकेची ॲप ठेवू नका, त्याला सुरक्षेचे अपडेट येत नाहीत.

आता ज्या गोष्टीमुळं मी भांडेवालीला फोन देऊ नका असं जरा ठासून सांगतो, ती. ऑगस्ट २०२४ मध्ये शेजारच्या तेलंगणात रामगुंडमच्या सायबर पोलिसांनी बिहारच्या तिघांना पकडलं. गावोगाव फिरून किरकोळ मोबदल्यात जुने फोन गोळा करायचे, असा त्यांचा उद्योग. त्यांच्याकडं चार हजारांच्या आसपास फोन सापडले. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणं ते झारखंडच्या सायबर ठगांना पुरवले जाणार होते. फोन दुरुस्त करून त्यावरून लोकांना फसवायचं, म्हणजे तपास करताना धागा जुन्या मालकाच्या फोनकडं जातो. नांदेडपासून हे अंतर काही फार नाही. आपल्या गावात येणारी प्रत्येक भांडेवाली अशा टोळीची असते असं अजिबात नाही, पण फोन पुढं कुठं जातो हे तिलाही माहीत नसतं.

म्हणून कुणालाही देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा. फोटो, नंबर दुसरीकडं घ्या. गुगल खातं किंवा आयफोनचं ॲपल खातं त्या फोनवरून काढून टाका आणि मग फॅक्टरी रिसेट मारा. खातं न काढता रिसेट मारलं तर फोन लॉक होऊन बसू शकतो, चांगला फोनही मग कुणाच्या कामाचा राहत नाही, सरळ भंगारात जातो. २०१५-१६ च्या आधीचे अँड्रॉइड असतील तर रिसेट केल्यावर एखादा मोठा व्हिडिओ पुन्हा पुन्हा कॉपी करून जागा पूर्ण भरा आणि परत रिसेट करा, म्हणजे जुने फोटो उकरून काढता येत नाहीत. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबलं की आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, दिसतो, तो वहीत लिहून ठेवा. त्या फोनवरचा नंबर बंद करणार असाल तर आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर द्या. बंद नंबर कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्याला देऊ शकते.

बंद पडलेल्या फोनला रिसेट मारता येत नाही. त्यासाठी लोक हातोडी घेतात, ते करू नका, आत बॅटरी असते. दुकानात आणा. बॅटरी बाजूला काढून बोर्डावरची मेमरी आयसी, म्हणजे फोटो-नंबर साठवणारी चिप, तुमच्यासमोर तोडून घ्या. तुकडा आणि बोर्ड दोन्ही रिसायकलच्याच पिशवीत जातात.

द्यायचं कुठं, हा तुमचा शेवटचा प्रश्न. औशात तुमच्या दारापर्यंत कुणी येणार नाही हे खरं आहे. मोठे परवानाधारक कारखाने बहुतेक पुणे, ठाणे, रायगड पट्ट्यात आहेत. पण माल तिथपर्यंत पोचवायचे रस्ते आहेत. बऱ्याच कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जुना फोन घेतात, कंपनीच्या संकेतस्थळावर संकलनाचा पत्ता आणि फोन नंबर दिलेला असतो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर परवानाधारकांची यादी आहे. तुमच्याकडचा दुरुस्तीवाला जमा करतो म्हणाला, तर तो पुढं कुणाला देतो आणि त्या रिसायकलरचा मंडळाचा परवाना आहे का, एवढं विचारा. नीट काम करणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.

एकट्या घराच्या सात-आठ फोनसाठी कुणी गाडी पाठवणार नाही. तुम्ही बचत गटात असाल तर गटाच्या बैठकीत हा विषय काढा. दिवाळीच्या साफसफाईत घरोघरी हे निघतंच. गावातून एक पोतं भरलं की रिसायकलरशी बोलता येतं, आणि वजन बरं असेल तर तो गाडीही पाठवतो. भांडेवालीलाही यात घेता येईल असं मला मनापासून वाटतं. आमच्यासारख्या दुकानानं तिच्याकडून न फोडलेले फोन रोख पैशानं घेतले तर तिची कमाई जात नाही आणि माल ॲसिडच्या टपाकडं वळत नाही. काही बायकांशी मी असं ठरवलंय. सगळ्यांनाच नाही पटलं, कारण डब्यावर त्यांना जास्त सुटतं.

फोनबरोबर तुटलेले चार्जर, केबल, इअरफोन, पॉवर बँकही द्या. केबलमध्ये तांबं असतं, आणि पॉवर बँक म्हणजे मोठी बॅटरीच, तिची तशीच काळजी घ्या. मेमरी तोडून घेतलेला फोन सोडला तर फोन फोडून, बोर्ड वेगळा करून देऊ नका, आहे तसा अख्खा द्या. काही जण बोर्ड काढून घेऊन नुसती टरफलं पाठवतात, त्यात कारखान्याला काही उरत नाही. देताना नग आणि वजन लिहिलेली पावती मागा, तिच्यावर आयएमईआय टाकून घ्या, आणि ती कागदं फोनच्या जुन्या बिलाबरोबर ठेवा. उद्या त्या फोनवरून कुणी काही उलटसुलट केलं, तर तो तुम्ही कधी आणि कुणाला दिला होता हे दाखवायला तीच उपयोगी पडेल.